कळंब्याचा शोध

कोल्हापूरच्या दक्षिणेस कळंबा आहे. तेथील तलावामुळें आणि मध्यवर्ती कारागृहामुळें हें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु सरकारी कागदांत तेंच गांव ‘कळंबे तर्फ ठाणे’ या नांवानें येतें. आज ज्या आज्ञेविषयीं मला बोलावयाचें आहे, तिची परीक्षा अशाच ठिकाणीं होते.

ती आज्ञा ‘ग्रेप’. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्सन यांनीं ती लिहिली. १९७३ पासून ती युनिक्स प्रणालींत आहे. अमुक अक्षरें ज्या ज्या ओळींत असतील त्या सर्व ओळी दाखीव, असें ती संगणकास सांगते. कारकून दप्तर चाळतो, तसेंच हें. मात्र कारकुनास गांव ठाऊक असतें. आज्ञेस केवळ अक्षरें.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांस जुन्या यादींत वडिलांची नोंद हवी होती. शोधणाऱ्यानें ‘कळंबा’ एवढें टंकिलें आणि ‘नोंद नाहीं’ म्हणून सांगून टाकलें. त्या एका उत्तरावर त्यांचा अर्ज अडला.

आतां पाहा. ‘कळंब्यांत’ म्हणतांना ‘बा’ जाऊन ‘ब्या’ येतो. यंत्राच्या लेखीं जुळणी तेथेंच तुटते. ‘कळंबे’ची तीच गत. बरें, नुसतें ‘कळंब’ शोधावें, तर धाराशिव जिल्ह्यांतील कळंब आणि पनवेलजवळची कळंबोलीहि धांवून येतात! म्हणून ‘ब’पुढें काना, मात्रा किंवा जोडलेला ‘या’, यांपैकीं कांहींहि चालेल, असा नमुना द्यावा लागतो. तशी सोय आज्ञेंत आहे. ‘गांव’ शब्दावरील अनुस्वार १९६२ च्या नियमांनीं गेला. मला स्वतःला तो अजून सोडवत नाहीं, आणि जुन्या नोंदींनाहि सुटलेला नसतो. तोहि शोधणाऱ्यानें ध्यानांत धरावा.

डेटाबेसच्या मूळ फाइलींवर आज्ञा चालविली तर निराळीच फसगत होते. तेथील मजकूर साध्या ओळींनीं मांडलेला नसतो. त्यामुळें ओळ न दाखवितां ‘या फाइलींत जुळणी आहे’ एवढेंच ती बहुधा बोलते. मजकूर दाबून लहान केलेला असल्यास तेवढेंहि नाहीं. उलट, एसक्यूलाइटसारख्या डेटाबेसांत पुसून टाकलेली नोंद फाइलींत तशीच पडून राहूं शकते, ती मात्र सांपडते! यासाठीं सर्व मजकूर प्रथम साध्या फाइलींत उतरवून घ्यावा, आणि मगच त्यांत शोध करावा.

त्या गृहस्थांसाठीं हेंहि केलें गेलें, तरी हातीं कांहीं लागेना. अखेर एका जाणत्या कारकुनानें अनुस्वार काढून त्या जागीं अर्धा ‘म’ घातला. ‘कळम्बे.’ एकच ओळ पडद्यावर आली, आणि तींत वडिलांचें नांव होतें.