परदेशातील सुट्टीचा दिवस



आपली मुले विद्यार्जनासाठी लंडनला जातात. सुट्टीच्या दिवशी त्यांनी काय करावे, असे पालक विचारतात. मी म्हणतो, शहर पायी हिंडावे. १७५९ साली खुले झालेल्या ब्रिटिश म्युझियमचा कायमचा संग्रह पाहण्यास शुल्क पडत नाही. तेथे आंध्रातील अमरावती स्तूपाची शिल्पे आहेत. ती परक्या घरी कशी गेली, हा प्रश्न मुलांना पडावा.

मग किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर पाहावे. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर विद्यार्थिदशेत तेथे राहत. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. त्या दारापुढे उभे राहून ज्याची दृष्टी ज्ञातीच्या कुंपणापलीकडे जाईल, त्याला दिलेली शिष्यवृत्ती सार्थकी लागली असे मी समजेन.