निर्ढावलेले जंतु आणि नवजात बालक

मुंबईच्या खार उपनगराच्या पश्चिमेस, समुद्राच्या कडेला, खारदांडा ही कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तेथील कोळ्यास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. ठराविक छिद्रांच्या जाळ्यांत मोठी मासळी सांपडते, बारीक ती निसटते. आणि तेंच जाळें त्याच पाण्यांत वारंवार फिरत राहिलें, तर मागें उरते ती निसटणारीच. प्रतिजैविक औषध हेंहि असेंच एक जाळें होय. त्याच्या प्रत्येक फेरींत दुबळे जंतु मरतात. चिवट असतात ते उरतात व वाढतात. इतकेंच नव्हे, तर औषधास दाद न देण्याचें आपलें कसब ते निराळ्या जातीच्या जंतूंसहि देऊं शकतात. मासळीस ही विद्या साधलेली नाहीं!

अशा निर्ढावलेल्या जंतूंचा सर्वांत क्रूर घाव बसतो तो रुग्णालयाच्या नवजात-अतिदक्षता विभागांत. अपुऱ्या दिवसांचें, किलो-दीड किलो वजनाचें बालक तेथें कांचेच्या उबदार पेटींत ठेवलेलें असतें. त्याची त्वचा पातळ, प्रतिकारशक्ति अपुरी. श्वासासाठीं नळी, शिरेंत सुई, दुधासाठीं दुसरी नळी. जीव वाचविणारीं हीं साधनेंच जंतूंच्या वाटा होऊं शकतात. आजाराचीं लक्षणें मात्र मंद असतात. बाळ दूध ओढीत नाहीं, अंग गार पडतें, रडणें क्षीण होतें. रक्ताच्या तपासणींतून जंतु ओळखण्यास एक-दोन दिवस तरी लागतात. तितकें थांबण्यास सवड नसते. डॉक्टरांस अंदाजानेंच औषध सुरू करावें लागतें, आणि अंदाज चुकला तर गेलेला वेळ परत मिळत नाहीं.

हें भय काल्पनिक नव्हे. २०११ ते २०१४ या काळांत दिल्लीच्या तीन रुग्णालयांत १३,५३० नवजात बालकांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. रक्तांत संसर्ग घडविणाऱ्या जंतूंत ‘ॲसिनेटोबॅक्टर’ सर्वांत अधिक आढळला, आणि त्याचे शेंकडा ८२ नमुने अनेक प्रकारच्या औषधांस दाद देत नव्हते.

मग उपाय कोणता? नवें औषध म्हणजे केवळ नवें जाळें. त्यांतूनहि निसटणारे कालांतरानें निपजतातच. म्हणून जंतु बाळापर्यंत पोहोंचूंच न देणें आणि बाळाचें बळ वाढविणें, हाच पहिला उपाय. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली मानवी दुग्धपेढी स्थापिली. ज्या बाळास स्वतःच्या आईचें दूध मिळूं शकत नाहीं, त्यास दुसऱ्या मातेनें दिलेलें, तापवून निर्जंतुक केलेलें दूध तेथें मिळूं लागलें. मातेच्या दुधांत जंतूंशीं झगडणारीं द्रव्यें असतात. डब्याच्या दुधांत हें सामर्थ्य नाहीं.

उरलेलें काम घराघरांत व्हावयाचें आहे. पांचवीच्या पूजेस जमलेल्या आप्तेष्टांनीं बाळास उचलण्यापूर्वीं साबणानें हात धुवावेत. साध्या पडशावर प्रतिजैविक गोळ्या मागूं नयेत. पडसें विषाणूंमुळें होतें, व त्यांच्यावर त्या चालत नाहींत. एका घरांत असा पोसलेला चिवट जंतु दुसऱ्याच्या पाळण्यापर्यंत जाऊं शकतो. आणि अतिदक्षता विभागाच्या दारांत परिचारिकेनें अडविलें, तर आजी-आजोबांनीं रागावूं नये. त्या बालकाच्या वतीनें बोलणारें तेथें दुसरें कोण आहे?