बंदर, खाण आणि सातबाऱ्यावर नसलेली बाई

(बदलापूर गावात झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. छापताना थोडी काटछाट केली आहे.)



समुद्र इथून लांब, खाणी त्याहून लांब, मग बदलापूरच्या बायांनी बंदराची चर्चा कशाला करायची, असं मघाशी एका काकूंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या तालुक्यातच आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग अंबरनाथ तालुक्यातल्या भातशेतांमधून आखला गेला. पुढे तो माथेरानच्या डोंगराखालून बोगद्यानं पनवेलकडे उतरतो आणि तिथून उरणच्या जेएनपीटी बंदराला जोडला जातो. म्हणजे बंदर उरणला असलं तरी त्याचा रस्ता आपल्या बांधावरून जातो. शेजारच्या पालघर जिल्ह्यात वाढवणला सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचं नवं बंदर केंद्र सरकारनं जून २०२४ मध्ये मंजूर केलं. त्यात जेएनपीटीचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा २६ टक्के. दोन्ही सरकारी संस्था, म्हणजे पैसा तुमचा-माझा. आपण आगपेटी घेतो, साबण घेतो, त्यावर जो कर भरतो त्यातलाच.

सरकार बंदरात एवढा पैसा घालतं तेव्हा नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला मी आज तुम्हाला गोव्याला नेणार आहे. कारण बंदर आणि खाण यांची गाठ किती घट्ट असते, हे मुरगावइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

गोव्यात लोखंडाचं खनिज आहे ते डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या आतल्या तालुक्यांत. पोर्तुगीज सरकारनं खाणींचे परवाने वाटले आणि १९५० नंतर जपानच्या पोलाद कारखान्यांसाठी खनिज बाहेर जायला लागलं. तेव्हा काम हातानं चालायचं. डोक्यावर पाट्या घेऊन खनिज वाहणाऱ्यांत बायाही होत्या. १९६१ साली गोवा मुक्त झाला, दोन-तीन वर्षांतच मुरगाव हे केंद्र सरकारचं मोठं बंदर ठरलं आणि पोर्ट ट्रस्ट आला. १९७९ मध्ये खनिज भरण्याचा यांत्रिक धक्का सुरू झाला. बार्जमधून खनिज उचलायचं, पट्ट्यावरून न्यायचं आणि थेट जहाजात ओतायचं, सगळं यंत्रानं. मोठी जहाजं आत यावीत म्हणून जलमार्ग खोल केला. खाणी खाजगी मालकांच्या, पण त्यांचा माल जगात पोचवणारा दरवाजा सरकारनं बांधला. खाणीत यंत्रं आली, बंदरात यंत्रं आली, आणि पाटीवाली बाई दोन्हीकडून बाहेर गेली. तिच्या जागी ट्रकचा ड्रायव्हर आला, बार्जचा खलाशी आला, मशीनचा ऑपरेटर आला. हे सगळे पुरुष. विकासानं रोजगार येतो असं आपल्याला सांगतात. येतोही. पण कुणाचा गेला आणि कुणाला मिळाला, हे दोन वेगवेगळ्या रकान्यांत लिहून बघितलं पाहिजे.

आता खाण चालते कशी ते बघा. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागते. त्या मातीचे डोंगर गावाशेजारी उभे राहतात. पावसाळ्यात त्यांची लाल माती ओढ्यात, ओढ्यातून भातशेतात आणि कुळागरात. कुळागर म्हणजे झऱ्याच्या पाण्यावरची सुपारी-नारळ-मिरी-केळीची बाग. शेतात एकदा हा गाळ बसला की भात नीट येत नाही. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यातलं पाणी पंपानं उपसत राहावं लागतं, आणि आजूबाजूच्या विहिरी आटतात. डिचोली तालुक्यातलं शिरगाव, जिथली लईराईची जत्रा प्रसिद्ध आहे, तिथं हेच झालं. विहीर आटली म्हणजे काय होतं हे या सभेत कुणाला समजावून सांगायला नको. टँकर येईपर्यंत घरी कोण थांबतं? कामावरचा खाडा कुणाचा होतो? खाणीच्या ताळेबंदात डिझेल येतं, मजुरी येते, बंदराचं भाडं येतं. बाईचे हे तास कुठेच येत नाहीत.

सन २००० नंतर चीनची मागणी वाढली. आधी फेकून दिलेलं हलक्या प्रतीचं खनिजही विकलं जाऊ लागलं. २०१०-११ मध्ये मुरगाव बंदरातून सुमारे ५ कोटी टन माल गेला-आला, त्यात सर्वांत मोठा वाटा लोहखनिजाचा. अरुंद गावरस्त्यांवरून ट्रकांच्या रांगा. मुलं शाळेत पाठवायची म्हणजे आईचा जीव टांगणीला. मग शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यानं खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की गोव्यातले खाणपट्टे नोव्हेंबर २००७ मध्येच संपले होते, म्हणजे त्यानंतरचं सगळं उत्खनन बेकायदा. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून खाणी पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि त्या परत बंद झाल्या. आता लिलाव करून नव्यानं सुरू होताहेत, २०२४ मध्ये डिचोलीपासून सुरुवात झाली.

बंदी आली तेव्हा आपल्यातल्या काही कार्यकर्त्यांनी विजय म्हणून पेढे वाटल्यासारखं लिहिलं. मला ते जमत नाही. खाण गावांत घराघरानं कर्ज काढून ट्रक घेतले होते. ट्रक दारात उभा राहिला, हप्ता थांबला नाही, आणि पहिलं काय गहाण पडलं असेल ते तुम्ही ओळखाल. सरकारनं मदत दिली. ट्रकवाल्यांना दिली, बार्जवाल्यांना दिली, कर्जफेडीची योजना आणली. त्यासाठी नोंद हवी, आणि ट्रकची नोंद असते. पण गाळानं शेत गेलं आणि ती कूळ म्हणूनही कागदावर नव्हती, किंवा जी खाण कामगारांना जेवणाचे डबे द्यायची, तिची नोंद कशात करायची? खाण चालू असताना तिचं पाणी गेलं आणि खाण बंद झाल्यावर तिचं गिऱ्हाईक गेलं. दोन्ही वेळा ती यादीत नव्हती.

सत्तरी तालुक्यातल्या सोनशी गावाचं नाव लक्षात ठेवा. एप्रिल २०१७ मध्ये धूळ आणि पाण्यासाठी तिथल्या लोकांनी खनिजाचे ट्रक अडवले. ४५ जणांना अटक झाली, त्यांत बायाही होत्या. जामिनावर सुटायचं नाकारून ही मंडळी तुरुंगात राहिली, पोरं गावात. मागणी काय, तर श्वास घेता यावा, प्यायला पाणी असावं आणि आमच्या दारातून जाणाऱ्या मालातून आम्हालाही काम मिळावं. ‘विकासविरोधी’ हा शिक्का यातल्या कुठल्या मागणीवर मारायचा?

आता मी मुद्द्यावर येते. खनिज थांबलं तेव्हा बंदराचं काय झालं? ५ कोटी टनांवरून २०१३-१४ मध्ये मुरगावची उलाढाल सव्वा कोटी टनांच्याही खाली आली. धक्के, यंत्रं, खोल केलेला जलमार्ग, कर्मचारी, सगळं तसंच. बंदर ही अशी वस्तू आहे की एकदा बांधली की रिकामी ठेवता येत नाही. तिला माल लागतोच. खनिज नाही तर कोळसा. परदेशातून येणारा कोळसा मुरगावला उतरवायचा आणि रेल्वेनं कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे न्यायचा, हे आधीपासून चालू होतं. ते आणखी वाढवायचं ठरलं. त्यासाठी जलमार्ग आणखी खोल, त्यासाठी रेल्वेचा दुसरा रूळ, आणि तो रूळ मोलेच्या जंगलातून. एका सरकारी गुंतवणुकीनं दुसरी मागितली, दुसरीनं तिसरी. वास्कोतल्या बाईला हे धोरण वगैरे माहीत असण्याची गरज नाही. ती सकाळी खिडकीची चौकट पुसते आणि फडकं काळं होतं.

पण इथेच एक शिकण्यासारखी गोष्ट घडली. जलमार्ग खोल करण्याच्या कामाला पर्यावरण मंत्रालयानं जनसुनावणी न घेता परवानगी दिली होती. वास्कोचे मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि २०१६ मध्ये ती परवानगी रद्द झाली. मग एप्रिल २०१७ मध्ये सुनावणी घ्यावी लागली. एक दिवसात उरकेल असं वाटलं होतं, ती अनेक दिवस चालली. लोक उठून बोलतच राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदोरला हजारो माणसं मध्यरात्री रुळांवर जाऊन बसली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या दुहेरी मार्गाला दिलेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. कोळसा अजून येतो, सगळं थांबलं असं मी म्हणत नाही. पण सुनावणी हा सरकारी उपचार आहे असं समजून घरी बसणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आपल्यापैकी ज्यांचं माहेर सिंधुदुर्गात आहे, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटत असेल. रेडीला खाण आणि बंदर शेजारी-शेजारी आहेत. दोडामार्गमधल्या कळण्याच्या खाणीविरुद्ध गावकरी लढले, खाण तरी झाली, आणि जुलै २०२१ मध्ये त्या खाणीचा बांध फुटून चिखलाचं पाणी घरांत आणि बागायतीत शिरलं. वाढवणला गोष्ट उलट्या बाजूनं सुरू होते. तिथं बंदरासाठीच डोंगर फोडायचे आहेत, कारण समुद्रात भराव घालायला आणि लाटा अडवणारा बांध बांधायला दगड लागतो. दगडखाणीवर काम करणाऱ्या, खडी भरणाऱ्या आदिवासी बाया आपल्याही तालुक्यात आहेत. त्यांच्या हजेरीपटाची चौकशी करणं हे बंदराचंच काम आहे असं मी मानते.

तर आपण करायचं काय? कायद्यात काही जागा आहेत, त्या माहीत पाहिजेत. खाणीच्या पैशातून प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं, २०१५ च्या दुरुस्तीनं आलेलं. त्यातला मोठा हिस्सा पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला व बालकल्याण अशा कामांवरच खर्च करायचा नियम आहे. सिंधुदुर्गात, चंद्रपुरात, गडचिरोलीत आपल्या ज्या मैत्रिणी काम करतात, त्यांनी खर्चाचा हिशोब माहितीच्या अधिकारात मागावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बाईला स्वतंत्र कुटुंब धरलं आहे. ही ओळ चळवळीनं झगडून मिळवलेल्या गोष्टींपैकी आहे. मात्र महामार्गाचं संपादन वेगळ्या कायद्यानं होतं. भरपाई आणि पुनर्वसनाच्या तरतुदी तिथं लागू आहेत, पण सामाजिक परिणामांचा अभ्यास बंधनकारक नाही. म्हणजे रस्ता बंदराचा, पण तुमच्या जगण्यावर त्याचा काय परिणाम होईल हे कुणी विचारायला येत नाही.

आणि सगळ्यात जवळचा प्रश्न हक्कसोडपत्राचा. जमिनीला भाव नव्हता तोवर बहिणीच्या सहीची कुणाला आठवण नव्हती. संपादनाची नोटीस आली की भाऊ गोड बोलत येतो, साडी घेऊन येतो, तहसीलला गाडीनं नेतो. महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आणि देशात २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू कुटुंबात मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच वाटा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. तरी सही होते, कारण माहेर तुटायची भीती. ही भीती खोटी नाही, आणि सही केलेल्या बाईला मूर्ख ठरवून आपण तिला आणखी एकटं पाडतो. पण सहीआधी रक्कम किती, हे तरी तिला कळलं पाहिजे. बहुतेक जणींना तेवढंही सांगत नाहीत. नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी १९९२ साली लक्ष्मी मुक्ती योजनेचं परिपत्रक निघालं होतं. आपल्या भागात किती घरांनी ते केलं?

पुढच्या रविवारी दुपारी आपण इथेच बसणार आहोत. प्रत्येकीनं माहेरचा आणि सासरचा, दोन्ही ठिकाणचा सातबारा आणि आठ-अ आणायचा. ऑनलाइन उतारा काढायला जमत नसेल तर गट नंबर आणा, आमच्या मुली मोबाइलवर काढून देतील. ज्यांच्याकडे संपादनाची नोटीस किंवा भरपाईचा कागद आहे त्यांनी त्याची झेरॉक्स आणावी. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, आमच्याही नाही. आणि ज्यांना सहीसाठी बोलावणं आलेलं आहे, त्यांनी रविवारपर्यंत थांबावं.