शाळेचा रोजचा खर्च कोणी सोसावा?



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी देवाच्या उपकारांचे स्मरण करणे योग्यच होय. तथापि आज आम्हांस आपणापुढे एक अगदी साधी गोष्ट ठेवावयाची आहे. ती म्हणजे शाळेतील खडू, विजेचे बिल, गळके छप्पर व पिण्याचे पाणी.

सरकारी अनुदानाची पद्धत मुंबई इलाख्यात १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर रुजली. आपला नांदेड-लातूरचा मुलूख मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळी मराठवाड्यात कित्येक शाळा लोकांनी वर्गणीवर चालविल्या. त्यामुळे वर्गणीची सवय आपणांस जुनी आहे. आणि त्या सवयीतच एक धोका आहे.

सांप्रत अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतन सरकार देते. उरलेल्या खर्चासाठी जे मिळते त्यास वेतनेतर अनुदान म्हणतात. ते २००४ साली बंद पडले आणि २०१३ साली ५ टक्के दराने पुन्हा सुरू झाले. परंतु त्या वेळी शिक्षकांचे वेतन सहाव्या आयोगाप्रमाणे मिळत असता हे ५ टक्के पाचव्या आयोगाच्या जुन्या वेतनावर मोजण्यात आले. वेतन पुढे गेले, खडूचा हिशेब मागे राहिला.

कोणी म्हणेल, दानशूर मंडळी आहेतच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या परिसरात जगभरातून साहाय्य आले व शाळा नव्याने उभ्या राहिल्या, हे आम्ही कृतज्ञतेने स्मरतो. पण इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते. विजेच्या बिलावर कोण कोरणार?

त्या बंद पडलेल्या वर्षांत एका शाळेची व्यवस्था आम्हांकडे होती. नाइलाजाने आम्ही पालकांकडे ‘ऐच्छिक’ वर्गणी मागितली. एका ऊसतोड करणाऱ्या बाईने पदराची गाठ सोडून मुलासाठी पैसे भरले. पुढे तिची धाकटी मुलगी शाळेत दिसेना. विचारता ती म्हणाली, “फादर, एकाचेच पैसे जमले.” आम्ही पैसे परत केले, मुलीस शाळेत आणले. परंतु जी मुले न बोलता गेली असतील, त्यांची नोंद आमच्या वहीत नाही. हा दोष आमचाच होय.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, अनुदान ही भिक्षा नव्हे. ती बाई साबणाची वडी घेते तेव्हा सरकारास करच भरते. ६ ते १४ वर्षांच्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे; आणि अल्पसंख्याकांची शाळा म्हणून साहाय्य देताना भेदभाव करू नये, असे राज्यघटनेचे ३० वे कलम सांगते. हक्काने मागावे, पण मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत. शाळेच्या जमाखर्चाची वही दरवर्षी पालकांच्या सभेत उघडी ठेवावी. आणि अनुदान उशिरा आले तर तूट ज्यांस शक्य आहे त्यांनी मिळून भरावी, प्रवेशाच्या दारात उभ्या असलेल्या गरिबाकडून नव्हे.

पुढील महोत्सवी आपण किती खोल्या बांधल्या हे अवश्य मोजा. पण पैशावाचून एकही मूल परतले नाही ना, हे आधी विचारा.

देव आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.