न रडलेलं बाळ

बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभ्या असलेल्या माणसांचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. २०१९ साली, तालुक्याच्या गावी, पहाटे चारच्या सुमारास मीही तसाच उभा होतो. मुलीला मुलगा झाला. पण तो रडला नाही. आपल्याकडे या दुखण्याला दुसरं नाव नाही. पुढे कितीही वर्षं गेली तरी आई डॉक्टरांना एवढंच सांगते, 'जन्मला तेव्हा रडला नव्हता.'

जन्माच्या सुमारास मेंदूला प्राणवायू कमी पडला की पेशींना इजा होते. बाळ श्वास घेऊ लागलं म्हणजे संकट टळलं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. काही तासांनी इजेची दुसरी लाट येते. म्हणूनच अशा बाळांना पहिल्या सहा तासांच्या आत थंड करून ७२ तास साडेतेहतीस अंशांवर ठेवण्याचा उपचार निघाला. आम्ही पुण्याच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. आठ तास झाले होते.

काचेआड बाळ निपचित पडलं होतं. 'शांत झोपलाय,' मी म्हणालो. माणूस स्वतःची समजूत घालायला काहीही बोलतो. डॉक्टरबाई तरुण होत्या. म्हणाल्या, 'काका, तो शांत आहे की नाही, हे मला नुसतं बघून सांगता येणार नाही.'

त्यांनी त्याच्या एवढ्याशा डोक्याला तीन-चार वायरी लावल्या आणि शेजारच्या पडद्यावर एक पट्टा सरकू लागला. हे यंत्र मुळात मोठ्या माणसांसाठी होतं. बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू केलेल्या रुग्णांच्या मेंदूवर सतत नजर ठेवण्यासाठी लंडनमध्ये डग्लस मेनार्ड, पामेला प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या यंत्राची माहिती १९६९ साली प्रसिद्ध झाली. नवजात बाळांसाठी ते नंतर वापरात आलं. मेंदूचा नेहमीचा विद्युत आलेख काढायला पुष्कळ वायरी लागतात आणि तो वाचायला तज्ज्ञ लागतो. हे यंत्र थोडक्या वायरींवर चालतं आणि तासाभराची हालचाल सहा सेंटीमीटरांत दाबून बसवतं.

मी आयुष्यभर मात्रा मोजत आलो, त्यामुळे पट्टा वाचायला मला लवकर जमू लागलं. निदान तसं वाटलं. धडधाकट बाळाच्या पट्ट्याची खालची कड पाच मायक्रोव्होल्टच्या वर राहते, वरची दहाच्या वर. आणि झोप-जागेप्रमाणे पट्टा रुंद-अरुंद होत राहतो. आमच्या बाळाची खालची कड पाचाच्या खाली घसरत होती. रात्री एकदा ती अचानक वर उचलली गेली. मला आनंद झाला, आणि डॉक्टरबाई धावत आल्या. ती आकडी होती. बाळाचा हात हलला नव्हता, डोळा फिरला नव्हता, ओठही नाहीत. नवजात बाळाच्या पुष्कळशा आकड्या अशाच असतात, बाहेर काहीच दिसत नाही. फेनोबार्बिटोनचं इंजेक्शन दिलं. यंत्र नसतं तर त्या बाळाला आम्ही 'शांत झोपलाय' म्हणत बसलो असतो. अजूनही कितीतरी ठिकाणी हे यंत्र नाही.

पण यंत्रही भाबडेपणानं वाचायचं नसतं. अगदी थोडा वेळ टिकणारी आकडी त्यातून निसटते. कधी हृदयाचे ठोके मिसळून खालची कड खोटीच वर दिसते. 'मी पट्टा बघते, मग पुन्हा बाळ बघते,' असं डॉक्टरबाई म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी पट्टा सावरू लागला, झोप-जागेची लाट पुसटशी दिसली. 'चांगलं लक्षण आहे,' त्या म्हणाल्या. 'पूर्ण बरा होईल का?' या प्रश्नाला मात्र त्यांनी होकार दिला नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ते हुकलेले दोन तास मला पुढे दोन वर्षं छळत राहिले. मग २०२१ साली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष वाचनात आले. थंड ठेवण्यानं त्या बाळांमधले मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नव्हतं. उलट थंड ठेवलेल्या गटात मृत्यू जास्त होते. यानं मनाचा बोजा उतरला, असं म्हणणार नाही. पण घड्याळाशी माझं भांडण थोडं मिटलं.

नातू उशिरा चालला. डाव्या हातात थोडा ताठरपणा राहिला आहे, व्यायाम चालू असतो. बोलतो मात्र भरपूर.

आमच्यात बाळ जन्मलं की लगेच त्याच्या उजव्या कानात अजान देतात. मला ती चौथ्या दिवशी देता आली. हात धुऊन, अंगावर गाऊन चढवून मी वाकलो आणि कुजबुजत म्हटली. मग हळूच पडद्याकडे पाहिलं. पट्ट्यात काही फरक पडलेला दिसेना. सिस्टर हसून म्हणाल्या, 'बाबा, हा मिनिटाला एक मिलिमीटर सरकतो. तुमचं सगळं मिळून तीन मिलिमीटर झालं असेल.'