संसार ट्रकवर चढण्यापूर्वी

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त कार्यकर्ते व कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



२४ डिसेंबर हा दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. १९८६ साली याच दिवशी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु हा कायदा होण्याच्या एक तप आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीच्या कार्याचा प्रारंभ केला होता. ग्राहकाचे खरे संरक्षण त्याच्या स्वतःच्या जागृतीत आणि संघटनेत आहे, ही त्या कार्यामागची श्रद्धा होती. कायदा हे शस्त्र आहे. ते चालविणारा हात जागा नसेल, तर शस्त्र म्यानातच राहते.

आज मी एका घरगुती विषयावर बोलणार आहे. आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांना केव्हा ना केव्हा बिऱ्हाड हलवावे लागते. कोणाची बँकेतून बदली होते, कोणाच्या मुलाला बंगळुरू वा हैदराबादला नोकरी मिळते, कोणी निवृत्तीनंतर मुलाकडे राहावयास जातात. मुंबई-पुण्यात तर इमारतीच्या पुनर्विकासामुळे एकाच कुटुंबाला दोनदा घर हलवावे लागते, एकदा भाड्याच्या जागेत आणि पुन्हा नव्या घरात. चाळीस वर्षांत काडी-काडीने जमविलेला संसार आपण एका दिवसात अनोळखी माणसांच्या स्वाधीन करतो. दोन हजारांचा मिक्सर घेताना चार दुकाने फिरणारे आपण, हा व्यवहार मात्र एका दूरध्वनीवर उरकून टाकतो!

एक अनुभव

आमच्या मार्गदर्शन केंद्रात नाशिकचे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक आले होते. बंगळुरूला मुलाकडे जाण्यासाठी त्यांनी बावीस हजार रुपयांत सामान नेण्याचे ठरविले. पैकी पंधरा हजार आगाऊ दिले, तेही एका व्यक्तीच्या खात्यात. ट्रक बंगळुरूच्या वेशीवर थांबला आणि चालकाकरवी निरोप आला, "वजन जास्त भरले, राज्याचा प्रवेशकर भरावा लागला, आणखी अठरा हजार द्या, मगच सामान उतरेल." वृद्ध दांपत्य रिकाम्या घरात बसलेले, औषधेसुद्धा खोक्यात बांधलेली. त्यांनी पैसे दिले. सामान आले तेव्हा कपाटाचा आरसा फुटलेला होता आणि दोन खोकी गहाळ होती.

"तुमच्याकडे कागद काय आहे?" असे विचारले, तेव्हा त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर एक मोठ्या कंपनीच्या नावासारखे दिसणारे नाव आणि मोबाइल क्रमांक, एवढेच होते. सामानाची यादी नाही, बिल्टी नाही, देयक नाही. दिलेल्या पत्त्यावर तसे कार्यालयच नव्हते. कायदा त्यांच्या बाजूचा होता, पण पुरावा नव्हता. ज्या प्रवेशकराच्या नावाने त्यांना लुबाडले, तो तर १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हाच संपला. जकातही गेली. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाचीही आवश्यकता नाही. एवढे ठाऊक असते, तरी त्या मागणीतला खोटेपणा तेथेच उघडा पडला असता.

आपली परंपरा काय सांगते

ग्राहकहक्क ही कल्पना पश्चिमेकडून आली, असे आपल्याला शिकविले जाते. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय उघडून पाहावा. राजाच्या कृत्यामुळे किंवा दैवी आपत्तीमुळे नव्हे, तर अन्य कारणाने माल नष्ट झाला, तर त्याची भरपाई वाहकाने करावी, असा दंडक तेथे आहे. निघण्याच्या वेळी अडवणूक करणाऱ्या वाहकाकडून दुप्पट मजुरी वसूल करावी. काम सुरू होताना सोडल्यास मजुरीचा सातवा भाग, वाटेत सोडल्यास चौथा भाग, अर्ध्या वाटेवर सोडल्यास संपूर्ण मजुरी त्याने द्यावी, इतका बारीक विचार आहे. आणि विशेष म्हणजे, वाहकाला मध्येच काढून टाकणाऱ्या मालकालाही तोच दंड सांगितला आहे! आपल्या दक्षिणापथात, चालुक्यांच्या कल्याणीत विज्ञानेश्वराने याच स्मृतीवर मिताक्षरा लिहिली.

ही एकतर्फी ग्राहकशाही नव्हे. ज्याने जबाबदारी घेतली त्याने ती निभवावी आणि ज्याने काम दिले त्यानेही शब्द पाळावा, असा हा दोन्ही बाजूंचा धर्म आहे.

आजचा कायदा

आजचा कायदाही त्याच दिशेने जातो. मार्गाने मालवाहतूक अधिनियम २००७ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याने १८६५ चा इंग्रजी अमदानीतील कायदा मोडीत काढला. या अधिनियमात वाहकाची नोंदणी सक्तीची आहे. केवळ ट्रकमालकच नव्हे, तर माल स्वीकारणारी कंपनी, कंत्राटदार, अभिकर्ता आणि दलाल हेही 'वाहक' ठरतात. म्हणून "ट्रक आमचा नव्हता" ही सबब चालत नाही. दुसरे असे की, माल हरवला वा खराब झाला, तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर नाही. जुन्या कायद्यातील हेच तत्त्व ग्राहक न्यायमंचांपुढील प्रकरणांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले. पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असे छापले म्हणून वाहक आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही, हेही त्याच वर्षी स्पष्ट झाले.

मात्र येथे दोन खाचखळगे आहेत, ते नीट लक्षात घ्यावेत. पहिला भरपाईच्या मर्यादेचा. अधिक जोखमीचा वेगळा दर ठरविला नसेल, तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती, आणि तीही आपण कागदावर जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक नाही. समजा, वाहतुकीचे भाडे चौदा हजार आहे आणि सामान तीन लाखांचे. भरपाईची कमाल मर्यादा एक लाख चाळीस हजार होते. पण कागदावर सामानाची किंमत पन्नास हजारच लिहिली असेल, तर मर्यादा पन्नास हजारांवर येते. चार पैसे वाचविण्यासाठी किंमत कमी लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचा हक्क कापणे होय.

दुसरा खळगा मुदतीचा. माल नोंदविल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहकाला नुकसानीची लेखी सूचना दिलीच पाहिजे. ती न देता दावा लावता येत नाही. "बघतो, करतो, पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो" या आश्वासनांत हे दिवस निघून जातात. म्हणून बोलणी चालू असली, तरी पहिल्या आठवड्यातच स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह सूचना पाठवावी आणि तिची प्रत जपून ठेवावी.

निघण्यापूर्वी

आता प्रत्यक्ष दक्षतेकडे वळू. निदान तीन ठिकाणांहून दरपत्रक घ्यावे आणि घरी येऊन सामान पाहिल्याशिवाय दर सांगणाऱ्याला दूर ठेवावे. इतरांच्या निम्म्या दरात कोणी तयार झाला, तर उरलेला निम्मा तो वाटेत वसूल करणार, हे समजून असावे. कार्यालय प्रत्यक्ष जाऊन पाहावे. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. शासकीय संकेतस्थळावर तो घातला की नोंदणी कोणाच्या नावे आहे, ते कळते. नाव जुळत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. आगाऊ रक्कम थोडी द्यावी आणि ती संस्थेच्या खात्यातच भरावी.

दरपत्रकात सर्व करांसह एकूण रक्कम, ट्रक स्वतंत्र की इतरांच्या सामानासह, दोन्हीकडील मजले व उद्वाहनाची सोय, टोल, बांधणी, उतरवणी आणि पोहोचविण्याची तारीख हे सारे लिहून घ्यावे. "याव्यतिरिक्त कोणतीही रक्कम देय नाही" हे वाक्य त्यात असलेच पाहिजे.

विम्याच्या बाबतीत फार फसवणूक होते. दरपत्रकात तीन टक्के विमा म्हणून लावतात; प्रत्यक्षात विमा कंपनीकडे काहीच भरलेले नसते. विमा कंपनीचे, आपल्या नावाचे प्रमाणपत्र ट्रक निघण्यापूर्वी मागावे. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्याचे अ, ब, क असे प्रकार आहेत. 'क' मध्ये मुख्यतः आग आणि वीज यांपासून संरक्षण असते, 'ब' मध्ये टक्कर, ट्रक उलटणे अशा अपघातांची भर पडते, आणि हाताळणीत होणारी मोडतोड सामान्यतः व्यापक अशा 'अ' प्रकारातच येते. कोणता प्रकार घेतला, हे वाचूनच पैसे द्यावेत.

यादी हीच ढाल

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे यादी. प्रत्येक खोक्याला क्रमांक, आत काय आहे त्याची नोंद, दूरचित्रवाणी संच व शीतकपाट यांचे अनुक्रमांक, प्रत्येक मोठ्या वस्तूचे छायाचित्र आणि अंदाजे किंमत. यादीच्या दोन प्रती कराव्यात, दोन्हींवर त्यांच्या माणसाची स्वाक्षरी घ्यावी. घरातील भगिनींनी हे काम हाती घेतले, तर ते चोख होते, असा आमचा अनुभव आहे. कोणत्या डब्यात काय आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असते?

दागिने, रोकड, मालमत्तेचे व शिक्षणाचे कागद, औषधे आणि देव्हाऱ्यातील कुलदैवताचे टाक ट्रकमध्ये देऊ नयेत. ते आपल्यासोबतच न्यावेत. गॅसचे सिलिंडर वितरकाकडे जमा करून जोडणी बदलण्याचा कागद घ्यावा. ट्रक निघताना बिल्टी हाती असावी, वाहनाचा क्रमांक आणि चालकाचा परवाना यांचे छायाचित्र काढून ठेवावे.

सामान पोहोचल्यावर घाईत "सर्व ठीक मिळाले" या ओळीखाली स्वाक्षरी करू नये. यादी समोर ठेवून खोकी मोजावीत, फुटतूट दिसली तर त्याच पावतीवर लिहावी, मगच सही करावी. खोकी उघडताना चित्रीकरण करावे.

अडवणूक झालीच तर

ट्रक अडवून पैसे मागितले, तर घाबरू नये. मागणी लेखी संदेशाने करावयास सांगावे. विश्वासाने सोपविलेल्या मालाचा वाहकाने अपहार करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनुसार गुन्हा कोठेही घडला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. "ते आमच्या हद्दीत नाही" हे उत्तर मान्य करू नये. खोट्या संस्थेला ऑनलाइन पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० वर कळवावे.

सेवेतील त्रुटीसाठी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनेक प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने आपण जेथे राहतो वा काम करतो, तेथेच तक्रार करण्याचा अधिकार दिला आहे. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या सेवेच्या तक्रारीस शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. निकालाला कायद्यात अपेक्षित असलेल्या तीन महिन्यांहून अधिक काळ लागतो, हे खरे. तरीही तक्रार सोडू नये. एकाने सोडलेली तक्रार म्हणजे दुसऱ्या कुटुंबाच्या लुबाडणुकीला दिलेला परवाना असतो.

आपले कर्तव्य

बंधू-भगिनींनो, हक्कांसोबत कर्तव्येही येतात. सामान दडवून कमी सांगू नये. ठरलेली रक्कम काम होताच द्यावी, शेवटच्या क्षणी घासाघीस करू नये. चौथ्या मजल्यावर कपाट चढविणारा हमाल आणि रात्रंदिवस ट्रक हाकणारा चालक हेही आपलेच समाजबांधव आहेत. लुबाडणारा बहुधा दूरध्वनीवरचा दलाल असतो. त्याचा राग या कष्टकऱ्यांवर काढू नये. त्यांना पाणी, चहा, दोन घास द्यावेत, हे आपल्या संस्कारांत बसणारे आहे.

आणि कार्यकर्त्यांसाठी एक काम सांगून थांबतो. आपल्या वस्तीतून, गृहसंकुलातून बाहेर जाणारे कुटुंब, विशेषतः वयस्कर दांपत्य, एकटे पडू नये. सामान भरण्याच्या दिवशी एका कार्यकर्त्याने यादी घेऊन दाराशी उभे राहावे. ज्या गावी ते चालले आहेत, तेथील परिचिताला कळवून सामान उतरताना एक जण उपस्थित राहील, अशी व्यवस्था करावी. देशभर पसरलेल्या आपल्या परिचयांचे जाळे अशा प्रसंगी उपयोगी पडले नाही, तर ते कशासाठी? चांगला अनुभव देणाऱ्या प्रामाणिक व्यावसायिकांची नोंदही संकुलात ठेवावी, म्हणजे सचोटीला गिऱ्हाईक मिळेल आणि लबाडीचे दुकान आपोआप बंद होईल.

शोषणमुक्त समाज एखाद्या मोठ्या घोषणेने उभा राहत नाही. तो एका यादीने, एका पावतीने आणि वेळेवर पाठविलेल्या एका पत्राने उभा राहतो. तेवढा संकल्प आज करूया.

भारत माता की जय!