मशीन आता 'देणार' आहे का?

कानात इयरफोन आहेत ना? मग सुरू करूया.

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. कॉलेजला आहे. म्हणतो, "दादा, मी स्लॉटच्या ॲपवर 340 स्पिन वहीत लिहून काढलेत. पॅटर्न दिसतोय. आता मशीन देणारच. फीचे पैसे लावू का?" त्याला तेव्हाच उत्तर पाठवलं. पण असा विचार करणारा तो एकटा नसणार, म्हणून आज सविस्तर बोलतो.

आधी जुनं मशीन बघू. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला चार्ल्स फे नावाचा मेकॅनिक होता. 1890 च्या दशकात त्याने 'लिबर्टी बेल' बनवलं. तीन चाकं, बाजूला दांडा. समजा, प्रत्येक चाकावर 10 चित्रं आहेत, तर जुळण्या किती? 10 गुणिले 10 गुणिले 10, म्हणजे 1000. मोठं बक्षीस त्यातल्या एकाच जुळणीला. हिशोब डोळ्यांसमोर होता.

आता चाकं काहीच ठरवत नाहीत. आत एक चिप असते, ती सतत यादृच्छिक, म्हणजे रँडम आकडे काढत असते. कोणी खेळत नसलं तरी. तुम्ही बटण दाबलं की त्या क्षणाचा आकडा उचलला जातो आणि निकाल तिथेच लागतो. पुढची चाकं, दिवे, आवाज ही सगळी वरात. लग्न आधीच लागलेलं असतं!

म्हणूनच "मी उठलो आणि शेजारच्याला जॅकपॉट लागला, तो माझा होता" हे खरं नाही. तुम्ही बसून राहिला असतात तर बटण नेमकं त्याच क्षणी दाबलं असतं का? मशीनला मागचं काही आठवत नाही. 340 वेळा हरलात काय, जिंकलात काय, 341 वा स्पिन कोराच.

मग "थोडक्यात हुकलं" असं का वाटतं? 1984 मध्ये इंगे टेल्नेस यांना एक पेटंट मिळालं. दिसणारं चाक वेगळं आणि चिपमधलं चाक वेगळं. समजा, समोर 22 जागा दिसतात, म्हणजे तीन चाकांच्या 10,648 जुळण्या. पण आत प्रत्येक चाकाला 64 जागा असतील तर जुळण्या होतात 2,62,144. जॅकपॉटच्या चित्राला आत एकच जागा द्यायची आणि त्याच्या वरच्या-खालच्या रिकाम्या जागांना भरपूर. मग जॅकपॉट सारखा रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली थांबताना दिसतो. जवळ आल्यासारखं वाटतं, पण जवळ काहीच आलेलं नसतं.

आता पैशाचं बोलू. "90 टक्के परतावा" ऐकून वाटतं, 1000 लावले तर 900 नक्की परत. तो आकडा लाखो स्पिनच्या सरासरीचा असतो. आणि आपण आलेले पैसे परत लावतो ना! सरासरीने 1000 चे 900, 900 चे 810... सात फेऱ्यांत उरतात साधारण 478. दहा रुपयांचा स्पिन, दर सहा सेकंदांना एक, म्हणजे तासाला 600 स्पिन. लावले 6000, सरासरी तोटा 600 रुपये. दर तासाला.

"हरलो की दुप्पट लावायचं" हीही युक्ती अनेकांची. दहापासून सुरू करा. सलग आठ वेळा हरलात की 2550 गेले आणि नववा डाव 2560 चा. परताव्याची टक्केवारी मात्र तसूभरही बदललेली नाही. ब्लॅकजॅकमध्ये गेलेली पानं लक्षात ठेवून काही उपयोग होऊ शकतो, कारण ती पानं गड्डीतून कमी झालेली असतात. स्लॉटमधून काहीच कमी होत नाही.

मग स्ट्रॅटेजी काहीच नाही का? आहे, पण जिंकायची नाही, कमी हरायची. लहान डाव, सावकाश खेळ, आधी ठरवलेली रक्कम संपली की उठणं. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे न बसणं.

एक गोष्ट विसरू नका. गोव्यात कॅसिनोंना कायद्याने परवानगी आहे. महाराष्ट्रात 1976 चा कॅसिनोंचा कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घातली. तरीही जे ॲप स्लॉट चालवतंय, त्याची चिप कोण तपासतंय? परतावा 90 आहे की 40, कोणी सांगायचं? तिथे पैसे अडकले तर दाद कुठे मागणार?

तर मित्रा, तुझी वही खोटी नाही. तू प्रामाणिकपणे लिहिलंस. पण 340 ओळींत पॅटर्न दिसणारच, ढगात हत्ती दिसतो तसा. फी आधी भर. गेलेले पैसे तिथूनच परत आणायची ओढ लागली असेल, तर घरातल्या एका माणसाला आजच सांग. सांगणं जड जात असेल तर टेलिमानसचा नंबर आहे, 14416. फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि हो, फी भरलीस की मला अजून एक व्हॉइस नोट पाठव. वाट बघतोय. भेटूया पुढच्या भागात!